पडवीखालची विहीर
शेणानं सारवलेल्या जमिनीचा वास आला की महाराष्ट्र नवा होता तेव्हाची, मेहकरकडच्या एका शाळेची पडवी आठवते. पृथ्वीची ओढ मोजायचं यंत्र घेऊन आम्ही गावोगाव, पुन्हा येऊन तिथंच मोजता यावं म्हणून, कायमच्या खुणा ठरवत होतो. पडवीत यंत्र दर वेळी ओढ कमी दाखवी, अंगणात नेलं की बरोबर. मी यंत्राला शिव्या घातल्या. सारवणारी म्हातारी म्हणाली, “खाली जुनी विहीर हाय, साहेब. वरून फरश्या टाकल्या.” “मग का नाही बुजवली?” “माही बहीण पडली तिच्यात. सापडलीच नाही. तिच्यावर माती कशी लोटाची?” खाली पोकळी, म्हणून ओढ कमी; यंत्र खरं बोलत होतं. पोरं तिथंच बसून पाढे म्हणत होती. विहीर कागदावर आली तर सरकार ती बुजवणार, म्हणून मी वहीत ‘यंत्रात बिघाड’ लिहिलं आणि खूण देवळाच्या पायरीवर नेली. अजूनही तो वास आला की मी पाय हलके टाकतो.