समाधान करून गेले

शांततेत एम.ए. करता येतं हे मोहनाने सांगितलं तेव्हा मी तोंडावर हसले होते. पोरगी सांगलीची, बडोद्यात नवीन. शांतता आणि संघर्ष हा तिचा विषय, आणि पदवीसाठी प्रबंध लिहायचा म्हणून तिला एक संघर्ष हवा होता, शक्यतो मिटलेला. तो तिला माझ्या शेजारी, कांचनबाईंच्या खोलीत सापडला.

कांचनबाईंचा नवरा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होता. तो गेल्यावर क्वार्टर सुटलं आणि त्या आमच्या गल्लीत आल्या. जन्म इथलाच, शाळा गुजराती, घरात मराठी. लोकांचे ब्लाउज शिवून त्यांनी लक्ष्मणला वाढवलं. तो छाणीच्या बाजूला एका रंगाच्या कारखान्यात कंत्राटावर लागला. त्या वर्षांत कायम नोकरी मागणं म्हणजे गुन्हाच झाला होता. ती मागायला पोरं संपावर बसली, आणि फाटकावर कंत्राटदाराच्या माणसांनी लक्ष्मणला सळयांनी इतकं मारलं की तो दवाखान्यातून परत आला नाही. कागदोपत्री तो भिंतीवरून पडला.

मग मालक आणि पुढारी बसले, संप मिटला. राहिली एकटी आई. तिच्याकडे कारखान्याची चार माणसं आली. सही केली नाहीत तर बाकीच्या पोरांना कामावर घेणार नाही, असं अगदी गोड आवाजात सांगून, माझी काही तक्रार नाही अशा कागदावर सही घेऊन गेली. ती सही कांचनबाईंना जगू देईना. शेवटी त्यांनी अर्ज केला की सही धाकाने घेतली आहे, चौकशी पुन्हा करा. पोरगा पडला नाही, त्याला मारलं, हे सरकारने लिहून द्यावं, एवढंच त्यांना जगात हवं होतं.

त्या अर्जाची सुनावणी लागायच्या आधी मोहना आली. गुजराती वार्ताहरांना दारातून घालवणाऱ्या कांचनबाईंनी हिला पाटावर बसवून जेवू घातलं. आपलं दुःख आपल्या भाषेत सांगता येणार याचाच त्यांना आनंद. टेपरेकॉर्डरसमोर त्या म्हणाल्या, "ती माणसं घरी आली, चहा प्यायली आणि समाधान करून गेली."

आता गुजरातीत समाधान म्हणजे तडजोड. आम्ही बडोदेकर मराठी बोलता बोलता असे शब्द सहज वापरतो आणि ते गुजराती आहेत हे आमच्या ध्यानातही येत नाही. मोहनाला ते सरळ मराठी वाटलं. तिने मूळ शब्द कंसात ठेवून इंग्रजीत लिहिलं की कारखान्याची माणसं आपणहून घरी गेली आणि मृताच्या आईचं मन शांत झालं. त्यावर एक अख्खं प्रकरण रचलं. प्रबंधाचा सगळा डोलारा त्या एका वाक्यावर उभा होता.

टाइप केलेली पानं तिने मला वाचायला दिली. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून. वाचून माझं डोकंच फिरलं. तिला बसवून शब्दाचा अर्थ सांगितला, तेव्हा तिचं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली की तो शब्द बदलला तर निष्कर्षच उलटा होतो, असं मार्गदर्शक सरांचं म्हणणं आहे, आणि आता वेळ नाही. वर मलाच समजावू लागली, की हा काही कोर्टाचा कागद नाही, लायब्ररीत पडून राहील. मी तिला जे सुनावलं ते छापण्यासारखं नाही. ती रडली. मी कांचनबाईंनाही सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, छोकरी शिकलेली आहे, आपली आहे, सुधारेल.

मोहना एम.ए.ला पहिली आली. पेढे घेऊन आली, कांचनबाईंच्या पाया पडली. पाठीवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "ते सुधारलंस ना गं?"

"हो काकू," ती म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

तिच्या सरांनी प्रबंधाची एक प्रत मोठ्या कौतुकाने कारखान्याच्या मालकाला भेट दिली होती. सुनावणीला मालकाच्या वकिलाने नेमकं तेच पान काढून वाचलं. बाहेरच्या, निःपक्षपाती अभ्यासकाला आईने स्वतः सांगितलं आहे, मग धाक कुठला? समाधान झालं होतं का, हा शब्द तुमचाच का, असं अधिकाऱ्याने कांचनबाईंना विचारलं, "बा, समाधान थयुं हतुं? आ शब्द तमारो छे?"

खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. "हा," त्या म्हणाल्या, आणि पुढचं सांगू लागल्या. अधिकाऱ्याने तोवर लिहायला घेतलं होतं. शब्द इंग्रजीत घ्या नाहीतर गुजरातीत, त्यांच्या विरुद्धच जात होता. अर्ज निकाली निघाला. लक्ष्मण पुन्हा एकदा भिंतीवरून पडला, या वेळी आईच्या तोंडून.

मोहना आता दूर कुठल्याशा कॉलेजात शांतता शिकवते. तिचं नाव काढलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. कांचनबाईंनी मात्र तिला एकदाही शिवी दिली नाही. सुनावणीच्या दिवशी आम्ही दोघी रिक्षाने परत येत होतो. घर जवळ आल्यावर म्हणाल्या, "सुनेत्राबाई, गुजराती असती ना, तर तिला समजलं असतं. मी मराठी बघून दार उघडलं."