उतरणाऱ्यांचे हात

चाकूरच्या जत्रेत चढउताराच्या रुळांवर गडगडत पळणारी लाकडी डब्यांची गाडी आली होती. डबे बनवणारा सुतार मात्र गाडीकडं बघतच नव्हता, उतरणाऱ्या माणसांकडं बघत होता.

माझी आई उतरली.

"लागलं का हो, मावशी?" त्यानं विचारलं.

"न्हाई बाबा, लई मज्जा आली," आई हसली.

तरी तो रंधा घेऊन तिच्या डब्यात शिरला आणि पाठीमागच्या फळीची कड घासू लागला. मला रागच आला. "ती नाही म्हणाली ना?"

"तोंडाचं काय घेता, मालक? उतरताना त्यांचा हात कमरेवर गेला."

हल्ली आई "बरी हाय" म्हणाली, की मी तिच्या हाताकडं बघतो. इतकी वर्षं नुसतं ऐकत होतो.