गाढ झोपणारा राजा

रविवारी सकाळी बार्शीच्या कॉलेजात बाहेरून बी.ए. करणाऱ्यांचे वर्ग भरतात. मराठीच्या पेपरात वर्षानुवर्षं एकच जुनं नाटक आणि एकच जुनं काव्य होतं. नाटकातला सेनापती स्वतःच्या राजाला मारून गादीवर बसतो. काव्यातला राजा धाकट्या भावाचा वाटा नाकारतो आणि त्यापायी कुळाचा नाश होतो. दोघांची तुलना करा, हा प्रश्न ठरलेला. मी वीस-बावीस वर्षं फळ्यावर एकच उत्तर लिहीत आलो होतो : सत्तेची हाव माणसाला आंधळं करते, दोघंही सारखेच.

वर्गात पन्नाशीच्या एक बाई यायच्या. उजनीच्या पाण्याकाठच्या गावातून पहिल्या एस.टी.नं निघायच्या आणि पुढच्या बाकावर बसायच्या. कधी बोलायच्या नाहीत. त्या दिवशी मात्र उभ्या राहिल्या.

"सर, हे दोगं सारके न्हाईत. सेनापतीला झोप येत न्हाय. राजाला गाढ झोप लागती. आपलं चुकतंय हेच त्याला ठावं न्हाय."

वर्ग सुटल्यावर त्या थांबल्या आणि आपली हकिकत सांगू लागल्या. राखीव जागेमुळं त्या सरपंच झाल्या होत्या. पहिलं वर्ष नवराच शेजारी बसून सगळं बघायचा. मग त्या स्वतः कागद वाचायला शिकल्या, तहसीलला एकट्या जाऊ लागल्या. पाण्याची टाकी बांधून घेतली, शाळेत मुलींसाठी संडास बांधले. गाव मान देऊ लागलं. पुढच्या निवडणुकीला त्यांच्या धाकट्या जावेनं अर्ज भरला. एका अंगणात दोघींच्या चुली. जावेचा गोठा गायरानात, म्हणजे सरकारी जमिनीवर होता, आणि अतिक्रमण असलेल्याला निवडणूक लढवता येत नाही. यांनी अतिक्रमणाची तक्रार केली आणि छाननीत तिचा अर्ज उडाला. पूर्वी त्याच गोठ्यावर पत्रे चढवले तेव्हा शिडी धरून याच उभ्या होत्या.

मी विचारलं, तेव्हा काहीच वाटलं नाही का?

"न्हाय की. गावाचं भलं माझ्याच हातनं हुतंय, असं मनापासनं वाटायचं. जाऊ सहा वर्सं बोलली न्हाय. तवा बी वाटायचं, तिलाच पोटदुकी हाय."

सरपंचपद जाऊन बराच काळ लोटला होता. पण आपण काय केलं हे त्यांना त्या राजाचे सर्ग वाचताना पहिल्यांदा दिसलं होतं. एवढं सांगून त्या स्टँडकडं गेल्या.

घरी जाताना मला माझंच एक वागणं आठवलं. आमच्या विभागातल्या एक तरुण बाई तीन वर्षं हाच पेपर शिकवायला मागत होत्या. विभागप्रमुख म्हणून दर जूनला मी तो माझ्याकडंच ठेवायचो. त्यांना अजून अनुभव नाही, मुलांचं नुकसान होईल, असं सांगायचो. वाईट म्हणजे ते मला खरं वाटायचं. एकदा त्यांनी तयार केलेल्या टिपणांची वही दाखवायला आणली होती, ती मी उघडलीसुद्धा नव्हती.

सोमवारी मी त्यांना बोलावलं आणि पुढच्या वर्षापासून तो पेपर तुम्ही घ्या, असं सांगितलं. उशीर झाला, हेही म्हणालो. त्यांनी मान हलवली, वेळापत्रक मागितलं आणि त्या बाहेर गेल्या. आभार मानले नाहीत. मानायचं काही कारणही नव्हतं.

परीक्षेनंतर त्या सरपंच बाई गुणपत्रिका न्यायला आल्या. पास झाल्या होत्या. मी जावेबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, गेले होते. अंगण ओलांडायला पंधरा दिवस लागले. तक्रार मी केली, ती तुला पाडायला केली, असं तोंडानं सांगितलं. जाऊ ज्वारी निवडत होती. बराच वेळ तिनं हात थांबवला नाही. मग म्हणाली, "मला ठावं हुतं. तुमी कवा सांगताय तेवडं बघत हुते."

माफ केलं का, असं मी विचारलं. बाईंनी गुणपत्रिकेची घडी घालून पिशवीत ठेवली. तसं ती काही बोलली नाही, म्हणाल्या. पण दुसरं सूप पुढं सरकवलं, आणि दोघींनी मिळून ती ज्वारी निवडून संपवली.