बाबांच्या खोलीपर्यंतची केबल

चाकूरकडच्या एका गावात लग्नाचं शूटिंग होतं. आम्ही दोघं नांदेडहून गेलो होतो. जोडीदार कॅमेऱ्यामागे, मी वायरींत. नवरीचे वडील अंथरुणाला खिळलेले. मांडव शाळेच्या मैदानात, घर तिथून बरंच लांब, आणि मोबाइलला रेंज टिकेना. नवरीचा भाऊ म्हणाला, "आमच्या बाबाला लगीन दिसलं पायजे, भाऊ. एवढं कराच."

मी एसडीआयची केबल टाकली. टीव्हीला लावतो ती एचडीएमआयची वायर खोलीपुरती. लांब पल्ल्याला ही जाड काळी केबलच लागते. चित्र आणि आवाज दोन्ही तिच्यातून जातात. छपरांवरून, लिंबाच्या फांदीवरून ओढत ती खोलीत आणली, मधे एसडीआयचं एचडीएमआय करणारी डबी लावून टीव्हीला जोडली. टीव्ही काळाच.

जुन्या वायरी बऱ्या होत्या. पल्ला वाढला की चित्रात मुंग्या यायच्या, पण माणूस ओळखू यायचा. ही डिजिटल जात मोठी गर्विष्ठ. आली तर स्वच्छ येणार, नाहीतर अजिबात नाही. शिवाय चित्र जितकं भारी, तितका पल्ला कमी. मला भारी चित्राचा भयंकर सोस. पण त्या दिवशी मुकाट्यानं मांडवात गेलो, कॅमेऱ्यातून बाहेर जाणारं चित्र जुन्या, साध्या दर्जावर आणलं आणि परत आलो.

टीव्ही लागला होता. मुलीचा चेहरा जरा पुसट, पांढरी साडी निळसर. मला ते चित्र बघवत नव्हतं. बाबा मात्र डोळे न हलवता बघत होते. 'बुद्धं सरणं गच्छामि', त्रिसरण सुरू झालं तेव्हा त्यांनी पडल्या पडल्या हात जोडले.

विधी आटोपला, फुलं पडली. मग नवरी थेट कॅमेऱ्यापाशी आली. "बाबा, दिसून राहिलं का तुमाला?"

"हाव माय," ते टीव्हीला म्हणाले. "समदं दिसून राहिलं."

ती तशीच थांबली. या केबलमधून सगळं एकाच दिशेनं जातं, खोलीतलं मांडवात काही पोचत नाही. तिनं पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, जोर लावून, आणि त्यांना धाप लागली. "मी सांगून येतो," म्हणालो आणि मांडवाकडे पळालो.

ती कॅमेऱ्यासमोरच उभी होती.

"हाव म्हणाले," मी सांगितलं. "समदं दिसलं म्हणाले."

तिनं डोळे पुसले. "आवाज कसा होता त्यांचा?"

"खणखणीत," मी म्हणालो.