काळ्या कार्डाचे पॉइंट

माझी बायको सुनंदा जाऊन पंधरा दिवस झाले होते. तिच्या उरलेल्या गोळ्या परत करायला मी हॉस्पिटलसमोरच्या मेडिकलमध्ये उभा होतो. पुढच्या गृहस्थांनी कार्ड दिलं. दुकानदार शिरीषभाऊंनी आधी त्याचा रंग पाहिला.

"साहेब, साधं डेबिट कार्ड नाही का? या भारी कार्डावर आमचे जास्त कापतात."

"कोण कापतं?"

"थोडे मशीनवाले, बाकीचे तुमची बँक. त्यातूनच तर तुम्हाला पॉइंट मिळतात."

गृहस्थांनी कुरकुरत दुसरं कार्ड काढलं. मशीनमधून पावती सरकली. किती बारीक आवाज होतो तिचा! कुणाच्या खिशातून काय गेलं, ते त्यात ऐकूच येत नाही.

आठ महिने मी याच काउंटरवर माझं काळं कार्ड ऐटीत ठेवत होतो. सुनंदाच्या गोळ्या भाऊ खरेदीच्या भावात देत, हे मला ठाऊक होतं. म्हणजे दर वेळी त्यांचे पदरचे पैसे जात होते आणि माझे पॉइंट वाढत होते. घरी गेलो की मी तिला आकडा वाचून दाखवायचो. उशीला टेकून ती म्हणायची, "बरी झाले की जाऊ कुठंतरी."

"मला कधी बोलला नाहीत," मी म्हटलं.

भाऊ पाकिटांवरची तारीख बघत होते. "वहिनी आजारी होत्या. तुम्हाला काय बोलणार?"

परवा बँकेचा मेसेज आलाय. विमानाची दोन तिकिटं मिळतील म्हणे, अगदी फुकट.