दुपारी शिवणारा पोपट

पिंजरा दुकानाच्या मागच्या खोलीत, शिवणयंत्राच्या बरोबर वर टांगला तो मी. तिथे हूक रिकामा होता, आणि रिकामा हूक दिसला की मला राहवत नाही. पुढचं सगळं त्या हुकामुळे झालं.

माझे मामा टेलर मास्तर आहेत. मास्तर म्हणायचं एवढंच; वीस वर्षांत त्यांनी स्वतः सुईत दोरा ओवलेला कोणी पाहिलेला नाही. ते पुढे खुर्चीत गळ्यात टेप घालून बसतात आणि डोळे मिटून धंदा चालवतात. मागे पडद्याआड म्हातारा कारागीर शिवतो. "माझे कान मशीनवर असतात," असं मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. खडखड चालू म्हणजे काम चालू. उठून पडदा सारणं त्यांच्या पदाला शोभत नाही.

अशा माणसाला पोपट पाळायची हुक्की आली. कारण विचारलं तर म्हणाले, "घरात एक तरी असा हवा, जो आपण बोलतो तेच बोलेल."

मामी लसूण सोलत होती. "हे लग्नाआधी सांगायचं होतंत. बाबांनी पिंजऱ्यासकट पाठवलं असतं मला."

त्याच सुमारास ओळखीतले निवृत्त पोस्टमनकाका महिनाभर लेकीकडे निघाले होते. ते आपला पोपट घेऊन आले. "मास्तर, विकत घेण्याआधी हा ठेवून बघा. रोज घाण काढावी लागते, दिसेल ते कुरतडतो, आणि तीस-चाळीस वर्षं जगतो. तुमच्यानंतर कोण बघणार, त्याचाही विचार करा."

"माझ्यानंतरची तुम्हाला काय घाई?" मामा म्हणाले. पण फुकटचा पोपट पाहून विरघळले. "परत आलात की तुम्हाला एक शर्ट शिवून देतो. शब्द आहे मास्तरांचा."

शर्टाचं कापड काकांनी स्वतःच आणून दिलं. मामांच्या शब्दाला कापड लागत नाही.

रोज सकाळी अर्धा तास शिकवणी चाले. मामा मान वाकडी करून म्हणत, "मास्तर हुशार! बोल, मास्तर हुशार!" पोपट त्यांच्याकडे पाठ करून मिरची खाई. त्याला अक्कल होती असं माझं मत आहे. मिरची संपली की तो खाली बघे. खाली मशीन होतं.

त्या महिन्यात दुकानात बँडवाल्यांचे चाळीस कोट होते. हे काम म्हणजे मामांचं नाक. ते हातचं गेलं तर थेट समोरच्या दुकानात जाणार होतं, आणि तिथला टेलर मामांचाच जुना शागीर्द.

कारागीर एके दुपारी पाणी प्यायला उठला, तर मागे मशीन चालूच! पोपट गळा फुगवून खडखडत होता. मध्ये थांबून, कापड दाबणारा दट्ट्या खाली पडावा तसा 'टक्' आवाजही काढायचा, आणि पुन्हा खडखड. कारागिराने पुढे पाहिलं. मामा डोळे मिटून मान डोलवत होते. दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की कारागीर मागच्या दाराने जायचा आणि समोरच्या दुकानात बसून शिवायचा. तिथे त्याला नावाने हाक मारत होते म्हणे.

मी परीक्षेत अडकलो होतो, मामी दुपारी घरी. राहिले मामांचे कान.

कोट न्यायला चार दिवस उरले तेव्हा बँडमास्तर चौकशीला आले. मामा खुर्चीतून हललेही नाहीत. "ऐका! ऐकताय ना? अखंड चालू आहे. माझ्या दुकानात मशीन थंड होत नाही."

बँडमास्तर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांतले, त्यांचा कान खरा. ते म्हणाले, "मास्तर, मशीन श्वास घेतंय." आणि त्यांनी पडदा सारला.

मशीनवर झाकण होतं. स्टूल रिकामं. वर पोपट रंगात आलेला. खाली तेवीस कोट तयार, सतरा नुसते कापलेले.

बँडमास्तरांनी आवाज चढवला नाही. तेवीस कोट उचलले, कापलेल्या सतरांचं गाठोडं बांधलं आणि रस्ता ओलांडला. म्हणजे चाळीसही कोट शेवटी त्याच म्हाताऱ्या हातांनी शिवले. ते हात नंतर इकडे परत आलेच नाहीत.

आळीत मामांचं काय झालं हे सांगायला एकच शब्द पुरेसा होता, आणि तो हिरवा होता. तेव्हापासून आमच्या दुकानात पोपटी दोऱ्याला 'फिका हिरवा' म्हणायचं.

पोस्टमनकाका परतले. "मग, ठरलं का? याच्या जोडीचा आणू एखादा?"

"छे! पक्षी लबाड असतो," मामा म्हणाले. "पाळणाऱ्याचा विश्वासघात करतो."

"पक्ष्याला काय बोल लावता?" मामी म्हणाली. "जे ऐकलं तेच बोलला. तुम्हाला तसाच हवा होता ना?"

पिंजरा हुकावरून मीच काढला. शर्टाचं कापड अजून फळीवर घडी घालून पडलंय. कापायलाही कोणी नाही. मामा कात्रीकडे बघतात आणि डोळे मिटून घेतात.

काल काका वाटेत भेटले. म्हणाले, "दुपारभर शिवत असतो हो घरी. शर्ट तेवढा निघत नाही."