झटका मशीनसाठी स्कोप घ्याले गेली अन् मीटर घेऊन आली

ग्रुपवरच्या भावांनो, बायांनो, सकाळी डोकं तापलं होतं, आता थंड झालं म्हणून लिहून राह्यली.

आमच्या धानाच्या बांधीले, म्हणजे शेताले, तारेचं कुंपण अन् झटका मशीन आहे. मशीन टिकटिक करते, पण रानडुकरं खुशाल आत येऊन धान लोळवतात. मी घरी टेबल मांडून चार्जर, बल्ब दुरुस्त करत असते. म्हटलं, हेही मीच पाहीन. व्हिडिओत सगळे स्कोप, म्हणजे ऑसिलोस्कोप, दाखवतात, पडद्यावर करंटची लाट दिसते. तोच घ्याले सिंदेवाहीवरून चंद्रपूरले गेली.

दुकानवाल्या रफिकभाऊनं विचारलं, "लावाचा कुठी?"

"झटक्याच्या तारेले."

"बाई, त्या तारेत हजारो व्होल्ट! स्कोप भी जलेगा, तुम्ही भी उडाल."

"मंग मी इतक्या दूर काऊन आली? तुमचं तोंड पाहाले?"

तो हसला. "मशीनची बॅटरी मोजली का?"

नाई मोजली. मोजाले घरी मीटरच नव्हता, तसं सांगितलं.

"पयले चांगला मीटर घ्या. स्कोप कुठी पळत नाई."

रागारागातच घेतला. घरी येऊन बॅटरी मोजली, बारा व्होल्ट. मशीन चालू करून परत बॅटरीवरच मोजलं, तर आकडा धपकन नऊवर! म्हणजे मशीन चांगली, भार पडला की बॅटरीच बसत होती.

ट्रॅक्टरची बॅटरी काढून जोडली. आत्ताच एक डुक्कर किंचाळत जंगलात पळालं.

स्कोप मी घेणारच, चार्जरच्या कामासाठी. नवशिक्या बाईले कोणता सोपा पडेल? नाव सांगा, भाषण नको.